चर्चच्या महिला मंडळाची मैत्री आणि हातकामाची संध्याकाळ: कोणत्या टेबलाशी बसावं आणि का

अडीच तासांचा कार्यक्रम, पाच टेबलं आणि प्रत्येक टेबलाशी मंडळीतलीच एखादी बाई आपल्या हातचं काम शिकवायला बसलेली. चर्चच्या सभागृहात महिला मंडळाने भरवलेल्या या संध्याकाळचा निकाल आधीच सांगून टाकतो. रफूचं आणि वही शिवण्याचं टेबल उत्तम. क्रोशाचं चांगलं, पण गर्दीने गांजलेलं. मोबाईलचं टेबल वाटलं होतं त्याहून कितीतरी उपयोगी. मेणबत्तीचं मात्र या वेळेत बसतच नाही.

अशा कार्यक्रमाची परीक्षा आमच्या मते एकच: एकटी आलेली, कुणालाच न ओळखणारी बाई स्वतःच्या हातांनी केलेली एक पूर्ण वस्तू घेऊन घरी गेली का? गेली असेल, तर शेजारच्या दोघींशी ती नक्की बोललेली असते, कारण सुई अडली की विचारावंच लागतं. गोल करून बसवून नाव-गाव-काम सांगायला लावण्यापेक्षा हे फार बरं, आणि इथे ती ओळखपरेड नव्हती याबद्दल आयोजक बायकांचं मनापासून कौतुक. एक गीत, छोटी प्रार्थना, दहा मिनिटांत सगळ्या जणी टेबलाशी.

बसायची पद्धतही विचारपूर्वक ठरवलेली होती. दारात रंगीत चिठ्ठी मिळायची. 45 मिनिटांची पहिली फेरी चिठ्ठीच्या रंगाप्रमाणे, मग चहा, आणि तेवढ्याच वेळेची दुसरी फेरी आपल्या आवडीने. हा क्रम उलटा करू नये. आधी आवड विचारली की मायलेकी, जावा आणि गायनवृंदातल्या मैत्रिणी एकत्र बसतात आणि नवी बाई कडेच्या खुर्चीवर राहते. मेरी सम्नर यांनी 1876 मध्ये इंग्लंडात मदर्स युनियन ही चर्चमधल्या आयांची संघटना सुरू केली, तेव्हा सगळ्या थरांतल्या आयांनी एकत्र बसावं असाच त्यांचा आग्रह होता. आपोआप तसं होत नाही, ते जुळवून आणावं लागतं.

रफूच्या टेबलावर घरून एक फाटका मोजा आणि एक सुटलेलं बटण आणायला सांगितलं होतं. खोट्या नमुन्यावर शिकवण्यापेक्षा हे शहाणपणाचं. मोज्याच्या टाचेत लाकडी ठोकळा घालायचा (नसेल तर गुळगुळीत चेंडू चालतो) आणि कापड न ताणता नुसतं त्यावर बसवायचं. मोज्याच्याच जाडीचा धागा घ्यायचा. भोकाच्या कडेपासून साधारण 1 सेंटीमीटर बाहेर, म्हणजे न विरलेल्या भागात, धावटाका सुरू करायचा आणि भोकावरून उभे धागे शेजारी शेजारी टाकायचे. प्रत्येक वळणाला धाग्याचा बारीकसा फास मोकळा ठेवायचा. ही गोष्ट बहुतेक जणी सोडून देतात आणि मग पहिल्याच धुण्यात धागा आटून रफू गोळा होतं. उभे धागे झाले की आडवं विणायचं, एक धागा वरून, एक खालून, पुढच्या ओळीत बरोबर उलट. गाठ कुठेही मारायची नाही, ती बुटात टोचते. सुरुवातीला आणि शेवटी 5 सेंटीमीटर शेपूट ठेवून ते विणीत लपवायचं. दोन्ही कडा ओढून एकत्र शिवणं म्हणजे रफू नव्हे. तिथे चुणी पडते आणि शेजारीच नवं भोक तयार होतं. शिकवणारी बाई हे बोलून थांबली नाही, ओढून शिवलेला एक मोजा आणि नीट रफू केलेला दुसरा असे दोन्ही तिने हातात दिले. अंगठा फिरवला की फरक कळतो.

बटणाचा भाग आटोपशीर होता. जाड कोटाचं बटण कापडाला घट्ट चिकटवून शिवलं की काजाच्या कापडाला जागाच उरत नाही. मग कापड ओढलं जातं आणि धागा झिजून तुटतो. म्हणून बटणावर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालायचे, काडी काढायची, बटण वर उचलायचं आणि खालच्या धाग्यांना 4-5 वेढे देऊन मान तयार करायची. धागा दुहेरी केल्यावर बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत पुरे. लांब घेतला की गुंता होतो आणि वेळ त्यातच जातो. चेनचंही याच टेबलावर पाहिलं जात होतं. मागे दात उघडे राहत असतील तर दोष बहुधा दातांचा नसून सरकणाऱ्या तुकड्याचा असतो. त्याच्या दोन्ही कडा पकडीने अगदी हलक्या, सारख्या दाबल्या की चेन पुन्हा लागते. एकदम जोर लावला तर तो तुकडा तुटतो आणि मग नवीनच बसवावा लागतो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 मध्ये यापो गावातल्या विधवा बायका, दुर्कस नावाची शिष्या वारल्यावर, तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रं पेत्राला दाखवतात. तिच्याबद्दल सांगायला त्यांच्याकडे सगळ्यात आधी तेच असतं. चर्चमधल्या बायकांच्या शिवणमंडळांना पुढे तिचं नाव दिलं गेलं ते त्यामुळेच. या टेबलावर त्या परंपरेचं नाव कुणी काढलं नाही, पण काम तेच चाललं होतं.

वही शिवण्याच्या टेबलाला आम्ही सगळ्यात वर ठेवू. 45 मिनिटांत नवशिकी बाई पूर्ण वही घेऊन उठते आणि चूक झाली तरी दोरा उसवून पुन्हा घालता येतो. एफोर आकाराचे 8 कागद एकत्र मध्यावर दुमडले की 32 पानांची वही होते. त्यावर जाड कागदाचं वेष्टण. घडीवर तीन भोकं: एक बरोबर मध्ये, म्हणजे 10.5 सेंटीमीटरवर, आणि दोन वरच्या-खालच्या टोकांपासून 3-3 सेंटीमीटर आत. भोकं पाडताना कागद काटकोनात उघडा धरायचा आणि टोचा घडीच्या बरोबर रेषेतून घालायचा, नाहीतर बाहेरच्या बाजूला भोकं वाकडीतिकडी निघतात. दोरा 60 सेंटीमीटर, मेणावरून एकदा ओढलेला.

सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, मग आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि शेवटी मधल्या भोकातून परत आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. त्या टाक्याला मध्ये घेऊन गाठ मारली की ती सरकत नाही. दोन ठिकाणी बिनसतं. मधल्या भोकातून दुसऱ्यांदा येताना सुई आधीच्या दोऱ्यातून घुसली तर दोरा अडकतो आणि शिवण ढिली राहते, म्हणून जुना दोरा बोटाने बाजूला दाबून धरायचा. आणि दोरा घट्ट करताना नेहमी घडीच्या दिशेने ओढायचा. आपल्याकडे ओढला की भोक फाटतं.

शिकवणाऱ्या बाईंचा हात किती मुरलेला आहे हे कागदाच्या तंतूंवरून दिसलं. कागदातले तंतू एका दिशेला झुकलेले असतात आणि घडी त्या दिशेला समांतर पडली तरच वही सपाट उघडते. बाजारातल्या बहुतेक एफोर कागदात ही दिशा लांब बाजूला असते, म्हणजे मध्यावर दुमडला की घडी उलटीच पडते, कडक होते आणि वही मिटायला बघते. त्यांनी लांब बाजूला तंतू असलेला एथ्री कागद आणून मध्यावर कापला होता. त्यातून मिळालेल्या एफोर तुकड्यात तंतू आखूड बाजूला येतात आणि घडी बिनतक्रार बसते. ओळखायचं कसं, तर कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलका वाकवायचा. जिकडे कमी विरोध होतो, ती घडीची दिशा. एवढी एक गोष्ट शिकायलाही त्या टेबलाशी बसावं.

क्रोशाला सगळ्यात जास्त मागणी आणि सगळ्यात कमी सोय. एका शिक्षिकेसमोर नऊ जणी. क्रोशात पाचच्या वर नेऊ नये, कारण पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकीचा हात हातात घेऊन धागा कसा धरायचा ते दाखवावं लागतं. साहित्य मात्र अचूक निवडलेलं होतं: 4 मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीचा, फिक्या रंगाचा, गुळगुळीत सुती धागा. काळ्या किंवा केसाळ धाग्यावर टाके दिसत नाहीत आणि नवशिकी तिथेच कंटाळते. साखळी फार घट्ट पडून खालची कड आखडत असेल, तर फक्त साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घ्यावी. रुमाल वरवर निमुळता होत गेला तर ओळीचा शेवटचा टाका सुटतोय असं समजावं. प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवला की ही चूक बंद होते. खूण लावायची ही युक्ती कुणी सांगितली नाही, ती सांगायला हवी होती. डावखुऱ्या दोघींना मात्र शिक्षिकेने शेजारी न बसवता समोर बसवलं. समोरून बघितलं की उजव्या हाताचं काम आरशातल्यासारखं डाव्या हाताचं दिसतं. साधी गोष्ट, पण बऱ्याच शिकवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

मोबाईलच्या टेबलावर कॉलेजच्या मुली आजी-मावशींना शिकवत होत्या. नियम दोनच, आणि दोन्ही कडकपणे पाळले: फोन ज्यांचा, त्यांच्याच हातात राहणार, आणि पासवर्ड दुसरी कुणी टाकणार नाही. अक्षरं मोठी करणं, आपत्कालीन संपर्क नोंदवणं, अनोळखी लिंक न उघडणं आणि ओटीपी कुणालाही न सांगणं, एवढंच शिकवलं आणि तेवढंच योग्य. दुसऱ्या फेरीत त्याच मुली त्याच मावशींकडे रफू शिकायला बसल्या. शिकणारी आणि शिकवणारी यांची अदलाबदल झाली की दोघींमधला संकोच जातो. आयोजकांनी ही अदलाबदल योगायोगावर न सोडता पुढच्या वेळी ठरवूनच घडवावी.

आता मेणबत्ती. सोयामेण पाण्याच्या भांड्यावर वितळवायचं, वजनाच्या साधारण 6 टक्के, म्हणजे 100 ग्रॅमला 6 ग्रॅम सुगंधी तेल घालायचं, वात मध्यावर बांधून ओतायचं, इथवर ठीक. पण ते घट्ट व्हायला काही तास लागतात आणि सुगंध नीट मुरायला आठवडा-दोन आठवडे. त्यामुळे बायका बघत उभ्या राहिल्या, हात लावायला मिळाला नाही, आणि जाताना कोमट ग्लास सांभाळत नेताना मेण हललं. घाईने गार केलं की वरचा थर आधी गोठतो, आतलं मेण आकसतं आणि वातीभोवती खड्डा पडतो. शिवाय गर्दीच्या सभागृहात शेगडी ठेवायची, तर मेणाने पेट घेतल्यास आच बंद करून झाकण टाकायचं, पाणी कधीही नाही, हे दोघी-तिघींना तरी पाठ हवं. त्यापेक्षा मधमाशीच्या मेणाचे पातळ पत्रे आणावेत. पत्र्याच्या कडेला वात ठेवायची, 2 सेंटीमीटर बाहेर सोडायची आणि घट्ट गुंडाळायचं. आच नको, दहा मिनिटांत हातात मेणबत्ती. थंडीत पत्रा तडकत असेल तर केस वाळवायच्या यंत्राने किंचित गरम करावा.

सभागृहाबद्दल थोडं. छतावरच्या दिव्याने कामावर स्वतःच्याच हाताची सावली पडते. क्रोशा आणि रफूला टेबलावरचा दिवा हवा, उजव्या हाताने काम करणारीच्या डावीकडे. पंख्याखाली बसलेल्या ज्येष्ठ बायकांना ऐकू येत नव्हतं. चहाची मांडणी वेगळ्या टेबलावर, वाटेत हात पुसायला ओला रुमाल, ही व्यवस्था चोख होती. तेलकट बोटांचा डाग सुती धाग्यावरून लवकर जात नाही. खर्चासाठी पेटी दाराशी न ठेवता आत कोपऱ्यात ठेवली होती, म्हणजे कुणी टाकलं, कुणी नाही, हे दिसत नाही.

अर्धवट कामाची सोय अजून नाही. प्रत्येकीला सुई, उरलेला धागा आणि पायऱ्यांचा एक कागद पिशवीत मिळाला, पण क्रोशाचा रुमाल 45 मिनिटांत होत नाही आणि घरी टाका चुकला की पिशवी कपाटात जाते. दोन आठवड्यांत, रविवारच्या उपासनेनंतर, तासाभराची बैठक ठेवावी. नवीन काही शिकवायचं नाही, फक्त अडलेलं सोडवायचं. जाणार असाल तर फाटका मोजा, चष्मा आणि दुसऱ्या फेरीसाठी वहीच्या टेबलाची जागा, या तीन गोष्टी आधीच पक्क्या करा.