व्हेल शार्कसोबत पोहणे : मालदीव की निंगालू?

यवतमाळजवळच्या गावात विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेला माझा भाचा यंदा व्हेल शार्क हा महाकाय मासा पाहायला मालदीवच्या दक्षिण अरी प्रवाळद्वीपाकडे जावे की ऑस्ट्रेलियाच्या निंगालूला, या विचारात पडला आहे.

हंगामाचे पाहिले तर दक्षिण अरीला हे मासे वर्षभर असतात. डिसेंबर ते एप्रिल समुद्रही तुलनेने शांत असतो, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर निघता येते. निंगालूचा हंगाम मार्च ते जुलै असल्यामुळे मृगाच्या पेरणीआधीच, एप्रिल-मेमध्ये, जाऊन यावे लागेल. खर्चात मालदीव स्पष्टच स्वस्त आहे, शिवाय भारतीयांना तेथे पोहोचल्यावर व्हिसा मिळतो.

मला खरी काळजी माशाची आहे. दोन्हीकडे अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर दूर राहण्याचा दंडक आहे. पण निंगालूत एका माशाजवळ एका वेळी एकच बोट व पाण्यात जास्तीत जास्त १० जण, हे कसोशीने पाळले जाते. दक्षिण अरी २००९ पासून संरक्षित असले, तरी तेथे एकाच माशाभोवती बोटींची दाटी होते, जशी ताडोबात वाघाभोवती जिप्सींची होते, आणि अनेक माशांच्या अंगावर बोटींच्या धडकेचे व्रण आढळले आहेत.

पैसे साठवून एकदाच जाणाऱ्याने निंगालू निवडावे. बजेट बेताचे असेल, तर मालदीवला जावे. मात्र माशाजवळ आधीच बोट असल्यास दूर थांबणारा चालकच ठरवावा.