अमेरिकी परराष्ट्र खात्याचे खुले दप्तर: एक परीक्षण

अमेरिकेचे परराष्ट्र धोरण नेमके कोण ठरवते, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी वर्तमानपत्री भाष्यांआधी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इतिहासकार कार्यालयाचे संकेतस्थळ पाहावे. 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही लिंकन यांच्या कारकिर्दीत, १८६१ मध्ये सुरू झालेली दस्तऐवजमाला तेथे विनामूल्य वाचता येते. नोंदणीची अट नाही, आणि अनेक खंड ई-पुस्तकाच्या रूपात उतरवूनही घेता येतात.

भारतीय वाचकाने १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगाचा खंड आधी उघडावा. ६ एप्रिल १९७१ ची ढाक्याच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाची तार त्यात आहे. पूर्व पाकिस्तानातील दडपशाहीबद्दल आपल्याच सरकारने धरलेल्या मौनाचा २० अधिकारी-कर्मचाऱ्यांनी तीत निषेध केला होता आणि महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी तिला अनुकूल शेरा जोडला होता. त्याच महिन्याच्या २८ तारखेला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी अध्यक्ष निक्सन यांच्यापुढे पाकिस्तानविषयक धोरणाचे तीन पर्याय ठेवले. त्या टिपणावर निक्सन यांनी स्वहस्ते सूचना लिहिली, तिचा आशय असा की, पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्यावर सध्या कोणीही दबाव आणू नये. या दोन कागदांच्या मधली पाने वाचताना सत्तेचे केंद्र परराष्ट्र खात्याकडून व्हाइट हाउसकडे कसे सरकले होते, हे कोणाच्याही टीकाटिपणीवाचून कळते. १९४७ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद जन्माला आली ती सल्लागार म्हणून. इथल्या इतिवृत्तांत मात्र किसिंजर अध्यक्षस्थानी बसून परराष्ट्र, संरक्षण आणि गुप्तचर खात्यांच्या वरिष्ठांना कामे वाटून देताना दिसतात.

या मालेची खरी श्रीमंती तळटीपांत आहे. मूळ कागद कोणत्या अभिलेखागारात आहे, त्याची गोपनीयता कोणत्या दर्जाची होती, मसुदा कोणी केला, अध्यक्षांनी तो पाहिल्याची खूण आहे का, ही माहिती बहुधा पहिल्याच टीपेत मिळते. सरकारी फायलींवरचे शेरे वाचण्याची सवय असलेला माणूस येथे तासन्‌तास रमेल. वगळलेल्या मजकुराच्या जागी किती ओळी खुल्या केलेल्या नाहीत, हेही चौकटी कंसात नोंदवलेले असते.

हा प्रामाणिकपणा सुखासुखी आलेला नाही. १९५३ च्या इराणमधील सत्तापालटात सीआयएचा हात असल्याचा उल्लेखही न करता १९८९ मध्ये इराणविषयक खंड काढण्यात आला. त्यानंतर या मालेच्या सल्लागार समितीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि १९९१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ही माला परिपूर्ण, अचूक व विश्वासार्ह असावी, असा कायदा केला. सुधारित इराण खंड यायला तरीही २०१७ उजाडले.

मोठी उणीव अशी की, हे मुख्यतः कार्यकारी शाखेचे दप्तर आहे. करारांना काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाचे, सिनेटचे, दोन तृतीयांश मत लागते, मदतीच्या पैशाची दोरी काँग्रेसच्या हाती असते आणि १९७३ मध्ये तिने निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून अध्यक्षांच्या युद्धाधिकारांना मर्यादा घालणारा ठराव मंजूर केला. पण केवळ हे खंड वाचणाऱ्याला काँग्रेस म्हणजे व्हाइट हाउसची एक डोकेदुखी एवढेच वाटेल. १९७१ मध्येच पाकिस्तानची मदत रोखण्यासाठी सिनेटर चर्च आणि सॅक्सबी यांनी दुरुस्ती मांडली होती. तिच्यामागचे राजकारण समजून घ्यायचे तर सिनेटच्या कामकाजाची नोंद वेगळी काढून वाचावी लागते.

शोधसुविधा कामाची आहे. केनेडीकाळातील दक्षिण आशियाच्या खंडात गोवामुक्तीच्या सुमाराचा पत्रव्यवहारही सापडतो. आद्याक्षरी संक्षेपांचा मारा नवख्याला जड जाईल, म्हणून प्रत्येक खंडाच्या आरंभीची संक्षेपसूची आणि व्यक्तिसूची दुसऱ्या खिडकीत उघडी ठेवावी. मात्र अलीकडच्या काळासाठी येथे येऊ नये. कायद्याने घटनेनंतर ३० वर्षांच्या आत खंड प्रसिद्ध करण्याची मुदत घातली असली, तरी रेगन यांच्या काळातील खंडही अजून पूर्ण झालेले नाहीत.