यूएसबी डिस्कवर बॅकअप : फाइल हिस्ट्री की रोबोकॉपी?

डिस्क कोणती घ्यायची हे ठरलं असेल, तर पुढचा प्रश्न तिच्यात फाइली जायच्या कशा. विंडोजमध्येच त्याच्या दोन सोयी आहेत, वेगळे पैसे लागत नाहीत. इंदूरच्या घरी मी दोन्ही वापरल्या. आधी फाइल हिस्ट्री, आता रोबोकॉपी.

फाइल हिस्ट्रीचे माझ्यावर उपकार आहेत, म्हणून तिचं आधी. एकदा चालू केली की बघावं लागत नाही. डिस्क लावलेली असली की दर तासाला बदललेल्या फाइली उचलते आणि जुनी प्रतही ठेवते. मंडळाच्या जमाखर्चात मी एकदा वर्गणीचा अख्खा रकाना खोडला आणि वर सेव्हही करून बसलो. सकाळची प्रत पाच मिनिटांत परत आली. रोबोकॉपी फक्त आत्ताची फाइल डिस्कवर उतरवते, जुनी ठेवत नाही; तिने तो खोडलेला रकानाच इमानेइतबारे नेला असता.

मग बिनसलं ते नावांवरून. फाइल हिस्ट्री डिस्कवरच्या प्रत्येक फाइलच्या नावामागे तारीख-वेळेचं शेपूट लावते. तिच्याच खिडकीतून फाइल परत आणली की शेपूट गळतं, त्यामुळे घरी ते कधी लक्षातच आलं नाही. २०२४ च्या गणपतीआधी नेमका कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला आणि स्मरणिका छपाईला द्यायची होती. म्हटलं, बॅकअप आहे ना! डिस्क खिशात घालून छापखाना गाठला.

तिथे फोल्डरात फोल्डर उघडत तळाशी पोचलो, तर स्मरणिका सात वेळा. छापखान्यातला मुलगा म्हणाला, ‘भिया, इसमें फायनल कौन सी है?’ वेळेवरून सांगतो म्हटलं, तर शेपटातली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी रविवारी रात्री जागून पाऊण वाजता केलेला शेवटचा बदल तिथे ‘२०२४_०९_०१ १९_१५’ म्हणून बसलेला. बोटं मोजून फायनल शोधली, उघडली, तर एकही फोटो जागेवर नाही. पानं मांडायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन ‘आरती’ नावाचा फोटो शोधत होतं आणि डिस्कवरच्या आरतीला शेपूट! साठेक फोटोंची नावं तिथेच स्टुलावर बसून एकेक करून सुधारली.

रोबोकॉपी दिसायला रुक्ष आहे. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहायची : robocopy, मग कुठून, कुठे आणि शेवटी स्लॅश ई (/E), म्हणजे आतले फोल्डरही जातात. बॅट फाइल म्हणून (नावाशेवटी .bat) सेव्ह करून डबल-क्लिक. पहिल्या खेपेला वेळ लागतो, नंतर बदललेल्या फाइलीच जातात. नावं जशीच्या तशी, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा. स्लॅश ई ऐवजी स्लॅश एमआयआर (/MIR) मात्र विचार करून वापरा. इकडे पुसलेलं ते तिकडेही पुसतं. डिस्कऐवजी एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह असेल तर स्लॅश एफएफटी (/FFT) जोडा, कारण त्यावर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते आणि न बदललेल्या फाइलीही बदलल्यासारख्या दिसतात. ४ जीबीची एक फाइल तर त्यावर मावतच नाही.

आणखी एक. फाइल हिस्ट्रीला डिस्क लावलेलीच बरी; काढून ठेवली तर दर तासाची प्रत डिस्कवर जात नाही. माझी डिस्क आता कपाटात असते, शनिवारी बाहेर येते. व्हायरस आला तरी कपाटातल्या डिस्कला काही करू शकत नाही. अर्थात शनिवार विसरला तर विसरला, तेही होतंच.

एकाच हिशेबाच्या फाइलीत दिवसभर खाडाखोड करत असाल, तर फाइल हिस्ट्रीच बरी म्हणावी लागेल. फोटो, मांडणी, एकमेकींना जोडलेल्या फाइली असं काही असेल, तर मी रोबोकॉपीकडे झुकेन. जमाखर्च तेवढा मी दर महिन्याला नव्या नावाने सेव्ह करतो. रकाना खोडणारा हात तोच आहे.