जिभेखालचं विजया तेल: सहा महिने वापरल्यावर

माल असा: विजयाचा (म्हणजे भांगेचा) अर्क एमसीटी तेलात (खोबरेलासारख्या तेलातून वेगळं काढलेलं पातळ तेल) मिसळलेला, 30 मिलीची तपकिरी बाटली, लेबलवर एकूण 1500 मिग्रॅ सीबीडी (भांगेतलं नशा न आणणारं द्रव्य). म्हणजे 1 मिलीत 50 मिग्रॅ. वापर दिवसातून दोनदा पाव पाव मिली, दर वेळी 12.5 मिग्रॅ. बाटली बरोबर दोन महिने जाते, सहा महिन्यांत तीन संपल्या. आयुष परवान्याचं औषध आहे, वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतं. किराणा दुकानातलं भांगबियांचं तेल वेगळं. त्यात सीबीडी जवळपास नसतंच, ते जिभेखाली धरण्यापेक्षा चटणीवर घातलेलं बरं.

झोप लागली का, गुडघा दुखायचा थांबला का, हे इथे सापडणार नाही. प्रश्न एकच घेतलाय: तोंडातून हे खरोखर किती आत जातं?

खोक्यावर छापलंय, ‘एक मिनिट जिभेखाली, थेट रक्तात’. कल्पना चुकीची नाही. जिभेखालचं अस्तर जेमतेम 100 ते 200 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतं, गालाच्या आतलं 500 ते 800. तिथल्या शिरांमधलं रक्त मानेच्या शिरेतून सरळ हृदयाकडे जातं, यकृताला वळसा घालून. हा वळसा महत्त्वाचा, कारण गिळलेल्या सीबीडीचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं आणि रक्तात साधारण 6 टक्केच पोचतं. छातीत दुखलं की घरोघरी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात, त्यामागेही हेच कारण.

पण सॉर्बिट्रेट लाळेत विरघळतं आणि अस्तरातूनही जातं. सीबीडी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. थेंब तेलाचा आणि औषधही तेलकट, मग ते आपलं तेल सोडून लाळेच्या ओल्या थरात उतरेल कशाला? जे थोडं उतरतं ते अस्तराच्या वरच्या स्निग्ध थरात शिरून तिथेच अडकतं, कारण त्याखालचा थर पुन्हा पाणीदार. तिथून ते हळूहळू झिरपत राहतं. उरलेलं लाळेबरोबर पोटात. लाळ नुसतं बसलं तरी मिनिटाला 0.3 ते 0.5 मिली सुटते, तोंडात काही ठेवलं की त्याच्या कितीतरी पट. पाव मिली तेलाचा तिच्यापुढे काय टिकाव लागणार?

याचा सगळ्यात बोलका पुरावा सेटिवेक्स या तोंडात मारायच्या, भांगेच्या अर्काच्या औषधी फवाऱ्याचा आहे. एका फवाऱ्यात 2.7 मिग्रॅ टीएचसी (भांगेतलं नशा आणणारं द्रव्य) आणि 2.5 मिग्रॅ सीबीडी, तेही अल्कोहोलमध्ये, म्हणजे अस्तरातून जायला तेलापेक्षा सोपं. तरी त्याच्या माहितीपत्रकानुसार टीएचसीची रक्तातली सर्वोच्च पातळी 45 ते 120 मिनिटांनी येते. आणि जेवणानंतर मारला तर सीबीडीची सर्वोच्च पातळी 3.3 पट आणि एकूण शोषण 5.1 पट होतं. सगळं तोंडातूनच गेलं असतं तर पोटातल्या जेवणाचा इतका फरक पडायचं कारण काय? फवारलेल्यातला बराच भाग गिळला जातो, हाच याचा अर्थ. तेलाचं तर त्याहून जास्त जाणार.

म्हणून घड्याळ लावून तीन-तीन मिनिटं तोंड मिटून बसणं व्यर्थ आहे. 60 ते 90 सेकंद पुरे. त्यानंतर लाळच इतकी साचते की तेल तिच्यावर तरंगतं, अस्तराला लागत नाही.

घ्यायची रीत सहा महिन्यांत अशी ठरली. जेवण झालं की साध्या पाण्याने चूळ भरायची, तोंडातली लाळ गिळायची. जीभ टाळूला लावून मधल्या बंधाच्या एका बाजूला तेल सोडायचं, ड्रॉपर कुठेही टेकवायचा नाही. जीभ खाली, हनुवटी किंचित छातीकडे, बोलणं बंद. मिनिटभराने तेच जिभेने दोन्ही गालांच्या आत आणि हिरड्यांवर फिरवायचं, मग गिळायचं. पुढची दहा मिनिटं चहा नाही, पाणी नाही, नाहीतर अस्तरावर उरलेला पातळ थर धुऊन जातो. पाव मिलीपेक्षा जास्त एकदम घेऊ नये. अर्ध्या मिलीला जिभेखालची जागा भरते आणि घसा आपोआप गिळतो. पुदिन्याच्या चवीची बाटली घेऊ नका, तिने लाळ जास्त सुटते. साध्या तेलाची चव कडवट, गवताळ, आणि घशाशी थोडी जळजळ. चौथ्या दिवसापासून तिचं काही वाटत नाही.

जेवण हा मात्र खरा खटका. एपिडायोलेक्स हे अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळालेलं, गिळायचं सीबीडी औषध. स्निग्ध जेवणासोबत त्याचं शोषण चौपट होतं. म्हणजे सकाळी उपाशीपोटी घेतलेले 12.5 मिग्रॅ आणि रात्री वरणभात-तुपानंतर घेतलेले 12.5 मिग्रॅ ही शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या मापांची औषधं. ‘एक दिवस गुंगी, दुसऱ्या दिवशी काहीच नाही’ या तक्रारीत बाटलीचा दोष कमी, ताटाचा जास्त. दोन्ही वेळा जेवणानंतरच घ्या, किंवा दोन्ही वेळा उपाशीपोटी, पण रोज तेच. मात्रा दर दोन दिवसांनी वाढवण्यातही अर्थ नाही. एपिडायोलेक्स दोन वेळा घेत राहिल्यावर सीबीडीचा अर्धा भाग शरीरातून जायला 56 ते 61 तास लागतात, त्यामुळे पातळी स्थिर व्हायला बारा दिवस जातातच.

ड्रॉपरला माझ्याकडून पाचपैकी दोन. खुणा पुसट, आणि रबरी फुगा अर्कातल्या सुगंधी द्रव्यांनी फुगून सैल पडतो. तो सैल झाला की पाव मिलीचे तीन दशांश कधी होतात कळत नाही. मेडिकलमधून बिनसुईची 1 मिली सिरिंज आणावी, खुणा 0.01 मिलीच्या असतात. बाटली उभी ठेवावी, कपाटात, गॅसपासून लांब. उजेड आणि हवा लागून सीबीडी बिघडतं, तेलाचा रंग गडद होत जातो. ड्रॉपर जिभेला लागला की लाळ बाटलीत जाते आणि तळाशी गढूळपणा दिसतो. अशी बाटली टाकून द्यायची.

सुपारी, गुटखा खाऊन ज्यांच्या तोंडाचं अस्तर पांढरट आणि ताठ झालंय, तोंड पूर्ण उघडत नाही, त्यांनी जिभेखालच्या मार्गावर विसंबू नये. अल्कोहोलमधला अर्क तर त्यांना भाजल्यासारखा लागेल. आधी दंतवैद्य. खालची कवळी असेल तर काढून घ्या, तेल तिच्याखाली दडून बसतं.

वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं), क्लोबाझाम (फिटचं), टॅक्रोलिमस (अवयवरोपणानंतरचं) या औषधांची पातळी किंवा परिणाम सीबीडीने वाढू शकतो, फिटच्याच व्हॅल्प्रोएटसोबत यकृताला त्रास होऊ शकतो. औषध ‘आयुर्वेदिक’ आहे म्हणून ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर 2023 मध्ये निरोगी प्रौढांसाठी खाद्यपदार्थांतल्या सीबीडीची दिवसाची मर्यादा 70 वरून 10 मिग्रॅवर आणली. इथली मात्रा दिवसाला 25 मिग्रॅ होते, म्हणून वैद्यांच्या देखरेखीशिवाय नको. पूर्ण अर्कात टीएचसीही असतं. घेऊन गाडी चालवू नये, आणि नोकरीच्या ठिकाणी लघवीची तपासणी होत असेल तर ती अडचणीत आणू शकते. दुबई किंवा सिंगापूरला जाताना बाटली घरीच ठेवा, तिथल्या विमानतळावर वैद्यांची चिठ्ठी उपयोगी पडत नाही.