ऍन्सिबल, एक वर्ष वापरून : सर्व्हर पॉलिसीत आले, पण यादी आपणच करायची

ऑडिट जवळ आलं की आमच्या अंधेरीच्या ऑफिसात दोन पोरं कोपऱ्यात बसायची, एकेका सर्व्हरवर लॉगिन, आरपीएम -क्यूए (इन्स्टॉल असलेल्या सगळ्या सॉफ्टवेअर पॅकेजेसची यादी देणारी कमांड), कॉपी, एक्सेलमध्ये पेस्ट, आणि शेवटच्या सर्व्हरपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या दहावर कोणीतरी काहीतरी नवीन टाकून ठेवलेलं असायचं. 140 लिनक्स सर्व्हर. सर्व्हरवर काय इन्स्टॉल असावं याची पॉलिसी तशी साधी, टेलनेट-एफटीपी ही जुनी असुरक्षित टूल्स नको, प्रॉडक्शनवर (खऱ्या कामाच्या सर्व्हरवर) जीसीसी हा कंपायलर नको, जावाचं एकच ठरलेलं व्हर्जन, आणि जे काय असेल ते मंजूर रेपोमधूनच (पॅकेजेसच्या भांडारातूनच) आलेलं पाहिजे. कागदावर सगळे पास, सर्व्हरवर निम्मे नापास.

मग गेल्या वर्षी ऍन्सिबल घेतलं, एका जागेवरून सगळ्या सर्व्हरवर बदल करणारं टूल. घेतलं म्हणजे काय, कमांड लाइनवालं फुकटच आहे. 2012 मध्ये आलं, 2015 ला रेड हॅटने विकत घेतलं, पैसे त्यांच्या मोठ्या प्लॅटफॉर्मला लागतात. आम्हाला सगळ्यात आवडलं ते हे की सर्व्हरवर एजंट (टूलचा स्वतःचा कायम चालणारा प्रोग्रॅम) टाकावा लागत नाही, एसएसएच (लांबून लॉगिनची सोय) आणि पायथॉन असलं की झालं. इन्स्टॉलेशन पॉलिसी पाळायला आधी अजून एक सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा, हे मॅनेजर साहेबांना पटवून देणं माझ्याच्याने झालं नसतं. पायथॉनचं मात्र आधी बघून घ्या. ऍन्सिबल-कोर 2.17 पासून समोरच्या सर्व्हरवर 3.7 किंवा वरचं पायथॉन लागतं आणि रेड हॅट लिनक्स 8 वरचं डीएनएफ (पॅकेज टाकणारं-काढणारं टूल) पायथॉन 3.6 ला चिकटलेलं आहे, त्यामुळे तसली मशीन असतील तर 2.16 वरच थांबा.

काम कसं चालतं तर यामल नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये (तिला प्लेबुक म्हणतात) लिहायचं, हे पॅकेज प्रेझेंट म्हणजे असलं पाहिजे, ते ॲबसेंट म्हणजे नको, आणि चालवायचं. आधीच बरोबर असेल तिथे हात लावत नाही, हिरवं ओके दाखवून पुढे जातं. बदललं तिथे पिवळं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा स्क्रीन हळदीच्या कार्यक्रमासारखी दिसत होती.

आता माझा घोळ ऐका. जुना जावा काढायचा म्हणून मी जावा 8 चं हेडलेस पॅकेज ॲबसेंटच्या यादीत टाकलं. आधी चेक मोडमध्ये (नुसती रंगीत तालीम, खरा बदल नाही) चालवून बघितलं, पिवळं आलं, म्हटलं बरोबर आहे, काढणारच आहे ना. शनिवारी रात्रीची विंडो (असल्या कामासाठी ठरलेली वेळ), मारलं. दहा मिनिटांत ॲप टीमच्या पोराचा फोन, "अरे दादा, टॉमकॅट बंद नाहीये, टॉमकॅटच नाहीये!" एका मशीनवर तोच एक जावा होता, जावाची ॲप्स चालवणारा टॉमकॅट रेपोमधूनच आलेला आणि त्याच्यावरच अवलंबून, मग डीएनएफने दोघांनाही एकत्र घराबाहेर काढलं. चूक टूलची नाही. चेक मोडला -व्ही (सविस्तर दाखव) लावला असता तर काय काय जाणार ती नावं समोर आली असती, मी नुसता रंग बघितला. नशीब एवढंच की बदललेली कॉन्फिग फाइल आरपीएम उडवत नाही, सर्व्हर.एक्सएमएल.आरपीएमसेव्ह नावाने तिथेच पडलेली मिळाली. नवा जावा, मग टॉमकॅट, मग फाइल परत जागेवर. घरी जायला पहाटेची पहिली लोकल. तेव्हापासून सीरियल 1 (एका वेळी एकच सर्व्हर) लावून आधी एकाच सर्व्हरवर सोडतो, तो नीट उभा राहिला की बाकीचे.

आणि हे टूल घेताना कोणी सांगत नाही: ॲबसेंटमध्ये जे लिहिलं तेच जातं. जे कुठल्याच यादीत नाही ते आरामात बसून राहतं. म्हणजे टेलनेट काढलं म्हणून सर्व्हर पॉलिसीत आला असं नाही. आम्ही मग पॅकेज फॅक्ट्स मॉड्यूलने प्रत्येक सर्व्हरवरची सगळी पॅकेजेस गोळा केली आणि त्यातून मंजूर यादी वजा केली, उरलं ते संशयित. पहिल्या फेरीत एवढं उरलं की तीन आठवडे मी नुसता फोन लावत होतो, हे कोणाचं, हे लागतं का, हे कोणी टाकलं. निम्म्या वेळा उत्तर, "तो मुलगा सोडून गेला." कोणालाच माहीत नसलेलं पॅकेज काढायचं धाडस ऍन्सिबल करून देत नाही, त्याला मॅनेजरची सहीच लागते.

तरी ऑडिटरने पकडलंच. एका व्हेंडरचा मॉनिटरिंगचा एजंट, टारबॉल (दाबून बांधलेली फाइल) उघडून थेट /ऑप्ट फोल्डरमध्ये ठेवलेला. आरपीएमच्या डेटाबेसमध्ये त्याची नोंदच नाही, त्यामुळे आमच्या रिपोर्टमध्ये तो सर्व्हर हिरवागार. आता /ऑप्ट आणि /यूएसआर/लोकल साठी फाइंड मॉड्यूलचं वेगळं प्लेबुक आहे, दर सोमवारी चालतं, आणि ॲप टीमचं सुडो (ॲडमिनचे अधिकार) कापलंय, त्यावरून अजून कॅन्टीनमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही.

चार स्टार देतो. वीस-पंचवीस सर्व्हर असतील तरी घ्या, शिकायला एखादा आठवडा पुरतो, यामलच्या स्पेस तेवढ्या सांभाळा, टॅब मारलात की बोंब. सर्व्हर जास्त असतील तर फोर्क्स वाढवा, मुळात तो 5 वर असतो, म्हणजे एका वेळी पाचच मशीन, आणि आम्ही दोन महिने "स्लो आहे" म्हणून टूललाच शिव्या देत बसलो होतो.