‘तयार टाकी’च्या नावाखाली १०,४८० रुपयांना गंडा

घरी प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पतींची टाकी, करून त्यात फायटर मासा ठेवण्याच्या विचारात असलेल्या मुंबईकरांसाठी हे लिहीत आहे, म्हणून रकमा आधी सांगते. मासा २,८०० रुपये, ‘सायकल पूर्ण झालेली’ (म्हणजे माशाची घाण पचवणारे जिवाणू आधीच वाढलेली) वीस लिटरची टाकी फिल्टरसह ५,४०० रुपये, वनस्पती १,३५० रुपये, टाकीत टाकायची बदामाची पाने १८० रुपये आणि पुढे औषधाचे ७५० रुपये, असे एकूण १०,४८० रुपये यूपीआयने गेले. पैसे आगाऊ, माल घरपोच, बिल ‘नंतर पाठवतो’. ही रीत सगळ्यांना ठाऊक असते, मलाही होती.

मग पैसे दिलेच कशाला, असे नातेवाईक विचारतात. दिले, कारण विक्रेता बोलत होता ते खरे होते. माशाच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन आधी काढावा लागतो, फायटरला २४ ते २८ अंशांचे पाणी आणि संथ प्रवाह मानवतो, हे सगळे त्याने न विचारता समजावले आणि पडताळल्यावर ते अक्षरशः बरोबर निघाले. इतकी नेमकी माहिती देणारा माल खोटा देईल, अशी शंका कोणाला यावी?

डोक्यातून जात नाही तो फिल्टरचा स्पंज. सायकल झालेला स्पंज तपकिरी, बुळबुळीत आणि ओला असतो, आणि जिवाणू जगावेत म्हणून तो टाकीच्याच पाण्यात बुडवून आणतात. माझ्या हातात आला तो कोरडा ठणठणीत, पांढराशुभ्र, कडांना कापल्याचा भुगा चिकटलेला. मी तिथल्या तिथे हरकत घेतली, तर माल घेऊन आलेल्या पोऱ्याने मालकाला फोन लावून दिला आणि मालक म्हणाला, ‘ताई, स्वच्छ करून दिलाय.’ असे उत्तर मिळाले की माल दारातूनच परत पाठवा.

विक्रेत्याच्या व्हिडिओत शेपटी अर्धवर्तुळात उलगडणारा हाफमून दिसला होता. आला तो लोंबत्या शेपटीचा साधा फायटर. वनस्पतींपैकी निम्मा तर कुंडीतला ड्रॅसिना होता, जो पाण्याखाली कुजतोच. जावा फर्न खरा होता, पण पोऱ्याने त्याचा आडवा कंद वाळूत गाडला आणि तोही सडला. १८० रुपयांची पाने तर आमच्या सोसायटीच्या आवारात देशी बदामाखाली रोज झाडून टाकतात.

मासा सतत वर येऊ लागला, तेव्हा ‘फायटर वरची हवा घेतोच’ असे सांगण्यात आले. घेतो, कारण त्याला हवेतून श्वास घेणारा लॅबिरिंथ अवयव असतो. पण निरोगी फायटर एक घोट घेऊन खाली जातो, लालभडक कल्ल्यांनी पृष्ठभागाशी लटकत राहत नाही. अमोनियाच्या चाचणीत पाणी हिरवे झाले होते, म्हणजे टाकीत अमोनिया होता. ती चाचणी मासा टाकीत सोडण्याआधी करा आणि विक्रेत्यासमोर करा. त्यावर ७५० रुपयांचे निळे औषध मिळाले, जे टाकीतच ओतल्यास उरलेसुरले जिवाणूही मारते. मासा गेला.

पोलीस ठाण्यात ‘मासा खायचा होता की पाळायचा?’ असे विचारून घेऊन मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० क्रमांक हातात ठेवण्यात आला. तिथे व्यवहाराचे सगळे तपशील दिले, तर वस्तू मिळालेली असल्याने हा दिवाणी वाद आहे, असे कळले. ग्राहकांच्या तक्रारींसाठीच्या १९१५ क्रमांकावर माझ्याकडेच विक्रेत्याचे नोंदणीकृत नाव मागितले. बिल नाही म्हणून नाव नाही आणि नाव नाही म्हणून तक्रार नाही. तेव्हा पक्के बिल हातात आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका, मग विक्रेता कितीही विद्वान असो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, असे मला मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले; नोटीस बजावायला पत्ता मात्र मीच शोधून द्यायचा. ते काम सध्या माझ्या गळ्यात आहे आणि त्याचा धंदा त्याच फोन नंबरवर चालू आहे.