टॅप कार्ड, फोन वॉलेट आणि क्यूआर: रोखीला सुट्टी देण्याइतके भरवशाचे आहेत का?

रोजच्या खरेदीत नोटांची जागा घेऊ पाहणारी तीन साधने आहेत: टॅप करायचे कार्ड, त्याच कार्डाचे फोनमधले रूप, आणि कोड स्कॅन करून खात्यातून खात्यात जाणारे पैसे. तिन्हींना इथे एकच कसोटी लावली आहे: नोट जे काम करते ते हे साधन करते का, आणि जिथे अडते तिथे नेमके कशामुळे?

निकाल आधीच सांगतो. वीज, नेटवर्क आणि बँकेचा सर्व्हर सुरळीत असेल त्या दिवशी तिन्ही साधने नोटेपेक्षा सरस आहेत. यातला एक दुवा जरी तुटला, तरी तिन्ही एकाच वेळी आणि बहुधा एकाच कारणाने बसतात. नोट हातातून हातात गेली की व्यवहार तिथेच संपतो. डिजिटल व्यवहारात मात्र दुकानदाराला आधी ‘हो’ असा निरोप मिळतो आणि बँकांचा आपसातला हिशेब मागाहून होतो. खाली सांगितलेल्या बहुतेक अडचणी या मधल्या फटीतून येतात.

टॅप कार्ड

तिघांत सगळ्यात मजबूत हेच. कार्डाच्या प्लास्टिकमध्ये कडेकडेने बारीक तारेचे वेटोळे असते आणि ते चिपला जोडलेले असते. कार्डात बॅटरी नसते, चिपला लागणारी वीज मशीनच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या क्षेत्रातूनच मिळते. म्हणून कार्ड चारेक सेंटीमीटरच्या आत धरावे लागते आणि ‘बीप’ होईपर्यंत स्थिर ठेवावे लागते. झटकन लावून काढून घेणे हे टॅप फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण. चिप आणि मशीन यांचे बोलणे अर्ध्यावर तुटते आणि मशीन पुन्हा टॅप करायला सांगते. दुसरे कारण म्हणजे पाकिटासकट टॅप करणे. आत दोन कार्डे असली की मशीनला दोन उत्तरे येतात आणि ते एकच कार्ड मागते. कार्ड बाहेर काढून, चार कमानींची खूण असेल तिथेच लावावे. काही मशीनवर ही जागा पडद्यावर असते, काहींवर पावतीच्या कागदाच्या झाकणावर, तर काहींवर कडेला.

बिघाड कुठे आहे ते घरबसल्या ओळखता येते. खाचेत घातल्यावर कार्ड चालते पण टॅप होत नाही, आणि असे दोन-तीन वेगवेगळ्या मशीनवर होते, तर आतले वेटोळे तुटले आहे असे समजावे. मागच्या खिशात ठेवून वाकलेल्या किंवा कडेला चीर गेलेल्या कार्डांचे हेच होते. त्याला दुरुस्ती नाही, नवे कार्डच मागवावे. उलट टॅप होते पण खाचेत चालत नाही, तर चिपवरचे सोनेरी पट्टे मळले आहेत. कोरड्या मऊ कापडाने पुसून पाहावेत.

अचानक पिन मागितला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. युरोपात एका टॅपला ५० युरोची मर्यादा आहे. शिवाय सलग ५ टॅप किंवा एकूण १५० युरो झाले की बँकेला पुन्हा ओळख पटवून घ्यावी लागते. भारतात पिनशिवाय टॅपची मर्यादा २०२१ पासून ५,००० रुपये आहे. एकदा कार्ड आत घालून पिन टाकला की मोजणी पुन्हा शून्यावर येते. कार्ड चोरीला गेले तर नुकसान कुठवर होईल, हे या मर्यादांनीच ठरते. त्यामुळे बँकेच्या ॲपमध्ये टॅपची मर्यादा बदलता येत असेल, तर ती आपल्या नेहमीच्या बिलापेक्षा थोडीच वर ठेवावी.

फोनमधले कार्ड

सुरक्षेत हे प्लास्टिकच्या पुढे आहे. दुकानाच्या मशीनला खरा कार्ड क्रमांक मिळतच नाही. त्या फोनपुरता वेगळा क्रमांक, म्हणजे टोकन, आणि त्या एका व्यवहारापुरता सांकेतिक आकडा एवढेच जाते. फोन हरवला तर बँक फक्त टोकन रद्द करते, कार्ड तेच राहते. पैसे देण्याआधी बोट, चेहरा किंवा कोड लागतो, म्हणून मोठ्या रकमेलाही बहुतेक ठिकाणी वेगळा पिन मागत नाही.

एक गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. पावतीवरचे शेवटचे चार आकडे टोकनचे असू शकतात, ते प्लास्टिकच्या कार्डाशी जुळणार नाहीत. माल परत करताना दुकानदाराने कार्ड मागितले आणि आकडे जुळले नाहीत की वाद होतो. ज्या फोनने पैसे दिले तोच फोन परतीच्या वेळी टॅप करावा. आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनचा पाठीच्या मधोमध. त्यामुळे ‘फोन चालत नाही’ ही तक्रार अनेकदा फोन चुकीच्या बाजूने धरल्याची असते. कव्हरला धातूची पट्टी किंवा चुंबकाची चकती असेल तर ती आधी काढून पाहावी. आणि बॅटरी संपली की दुकानात हे साधन नसल्यात जमा.

क्यूआर

प्रसार सगळ्यात जास्त याचा झाला, कारण दुकानदाराला मशीनच लागत नाही, छापील कागद पुरतो. १९९४ मध्ये डेन्सो या जपानी कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी निघालेला हा कोड आज चिनी वॉलेटांपासून भारताच्या यूपीआयपर्यंत आणि ब्राझीलच्या पिक्सपर्यंत पैसे पोचवतो.

कोड दोन प्रकारचे असतात आणि फरक कळणे गरजेचे आहे. स्थिर कोडात फक्त दुकानदाराची ओळख असते, रक्कम ग्राहक टाकतो. बदलत्या कोडात रक्कम आणि बिलाचा संदर्भ आधीच भरलेला असतो, तो दर बिलाला नव्याने पडद्यावर येतो. कार्ड कंपन्यांच्या ईएमव्ही मानकाप्रमाणे बनवलेला कोड उलगडला तर आत साधा मजकूर दिसतो: सुरुवात ०००२०१ ने, पुढे स्थिर कोडाला ११ किंवा बदलत्याला १२, रक्कम असल्यास ५४ क्रमांकाच्या रकान्यात, आणि शेवटी चार अक्षरांची पडताळणी. ही पडताळणी कोड नीट वाचला गेला का एवढेच तपासते. कोड कोणाचा आहे, हे ती तपासत नाही. म्हणूनच दुकानाच्या कोडावर दुसऱ्याच खात्याचे स्टिकर चिकटवण्याची फसवणूक इतकी सोपी आहे.

यावर ग्राहकाचा उपाय एकच: रक्कम टाकण्याआधी पडद्यावर आलेले नाव वाचून दुकानदाराला मोठ्याने विचारणे. दुकानदाराने रोज सकाळी कोडावर बोट फिरवून वरून काही चिकटवलेले नाही ना ते पाहावे, आणि आठवड्यातून एकदा आपल्याच फोनने स्कॅन करून नाव तपासावे. ग्राहकाच्या पडद्यावरची हिरवी खूण पुरावा म्हणून धरू नये, कारण असा पडदा हुबेहूब बनवणारी बनावट ॲप आहेत. स्वतःच्या खात्याची सूचना किंवा पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा स्पीकर, हाच पुरावा. आणि पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी’ कोणी पिन टाकायला सांगत असेल, तर तिथे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत.

छपाईतही चुका होतात. वाचण्याचे अंतर कोडाच्या रुंदीच्या साधारण दहापट धरावे. हातभर लांबून, म्हणजे ५० सेंटीमीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर कोड किमान ५ सेंटीमीटर रुंद हवा. चारही बाजूंना कोडातल्या चार लहान चौकटींइतकी कोरी जागा सोडावी, तिथेच दुकानाचे नाव छापले की कॅमेरा गोंधळतो. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप येते, म्हणून मॅट घ्यावे. कोडात दुरुस्तीची सोय असते, सर्वांत वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. तरीही कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन झाकले गेले, तर कॅमेऱ्याला कोडच सापडत नाही.

पैसे कापले, पण पोचले नाहीत

रोखीत ही अडचण अस्तित्वातच नाही, आणि डिजिटल व्यवहारात लोकांना सगळ्यात जास्त मनस्ताप हीच देते. ग्राहकाची बँक, मधली यंत्रणा आणि दुकानदाराची बँक यांच्यात निरोप पुढे जातो आणि उत्तर परत येते. उत्तर वाटेत हरवले की एका बाजूला पैसे वजा झालेले असतात आणि दुसऱ्या बाजूला काहीच माहीत नसते.

अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे देऊ नयेत. आधी ‘पेंडिंग’ आणि ‘फेल’ यांतला फरक पाहावा. पेंडिंग असलेला व्यवहार पुढे यशस्वी होऊ शकतो आणि मग दोनदा पैसे जातात. बँकेच्या खात्यात नोंद झाली आहे का ते तपासावे, नुसत्या ॲपच्या पडद्यावर विसंबू नये. १२ अंकी संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. कार्डाच्या पावतीवर तो ‘आरआरएन’ या नावाने असतो, आणि तक्रारीत बँक आधी तोच विचारते. कार्डाच्या बाबतीत बरेचदा पैसे खरोखर गेलेलेच नसतात, ते फक्त अडकवून ठेवलेले असतात. दुकानाने अंतिम मागणी पाठवली नाही, तर काही दिवसांत ते सुटतात. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे, दुकानात कार्डाने दिलेले पैसे खात्यातून गेले पण दुकानाला खात्री मिळाली नाही, तर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत.

इथे कार्ड आणि क्यूआर यांत मोठा फरक आहे. माल आलाच नाही किंवा भलताच आला, तर कार्डावर बँकेमार्फत रक्कम परत मागता येते. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत अनेक कारणांसाठी ही मुदत १२० दिवसांची आहे. खात्यातून खात्यात गेलेल्या पैशाला तशी सोय सहसा नाही. तुम्ही स्वतः पाठवले, म्हणजे दिले. म्हणून आगाऊ पैसे द्यायचे असतील, आणि समोरचा अनोळखी असेल, तर कार्डच वापरावे.

सगळे एकदम बंद पडते तेव्हा

१ जून २०१८ रोजी युरोपात व्हिसाची यंत्रणा सुमारे दहा तास रखडली आणि ५२ लाख व्यवहार फसले. कारण होते डेटा सेंटरमधला एक स्विच, म्हणजे नेटवर्क जोडणारे उपकरण. तो पूर्ण बंद पडला असता तर जोडीच्या स्विचने काम उचलले असते. पण तो अर्धवट बिघडला, त्यामुळे बदल आपोआप झालाच नाही. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात एका मोठ्या दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले आणि त्याबरोबर देशभरातली इंटरॅक डेबिट सेवाही. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा बहुतेक दुकानांत रोख असेल त्यालाच सामान मिळत होते.

चिप कार्डाला नेटवर्कशिवायही व्यवहार करता येतो, पण त्याची परवानगी बँक देते आणि चिपमधली मोजणी भरली की कार्ड बँकेशी बोलायला मागते. काही मशीन व्यवहार साठवून ठेवून नंतर पाठवतात. त्यात कार्ड नाकारले गेले, तर नुकसान सहसा दुकानदाराचे. म्हणून बहुतेक दुकाने ही सोय बंदच ठेवतात. स्वीडनमध्ये स्विश हे फोनवरून पैसे पाठवायचे ॲप २०१२ मध्ये आले आणि रोख जवळपास दिसेनाशी झाली. पुढे त्याच देशाच्या मध्यवर्ती बँकेने जीवनावश्यक वस्तूंसाठी ऑफलाइन कार्ड व्यवहार २०२६ पर्यंत सुरू करण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि घरात थोडी रोख ठेवावी असा सरकारी सल्लाही तिथे आहे. नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा हक्क कायद्याने बळकट केला. कॅशलेसमध्ये सर्वांत पुढे गेलेले देशच हे करत आहेत, याला आम्ही फार महत्त्व देतो.

मग रोख जाणार का?

युरो क्षेत्रात दुकानांतल्या व्यवहारांत रोखीचा वाटा संख्येने २०१९ मध्ये ७२ टक्के होता. २०२२ मध्ये तो ५९ आणि २०२४ मध्ये ५२ टक्क्यांवर आला. उतार स्पष्ट आहे. पण चलनात असलेल्या नोटांची एकूण रक्कम त्या प्रमाणात घटलेली नाही, आणि भारतात तर यूपीआय २०१६ मध्ये आल्यानंतरच्या वर्षांत ती वाढली. लोक नोटेने खर्च कमी करतात, पण नोट जवळ ठेवतात. आमच्या मते रोखीचे काम बदलत आहे: रोजचे वाहन होती, ती आता डिकीतले जादा चाक होत आहे. धोका इतकाच की वापर घटला की एटीएम कमी होतात, सुटे मिळेनासे होतात, आणि गरज पडेल त्या दिवशी चाकात हवा नसते.

ज्यांना पर्यायच नाही त्यांचे नुकसान आधी होते. बटणांच्या मशीनवर ५ या आकड्यावर उंचवटा असतो, त्यावरून न बघता पिन टाकता येतो. सपाट काचेच्या मशीनवर दृष्टिहीन ग्राहकाला ते जमत नाही आणि पिन दुसऱ्याला सांगावा लागतो. युरोच्या नोटा मात्र दर किमतीला वेगळ्या आकाराच्या आहेत, बोटांनी ओळखता येतात. नवे मशीन घेणाऱ्या दुकानदाराने बटणांचेच घ्यावे, हा आमचा आग्रह आहे.

वापरणाऱ्यांसाठी आमची मांडणी अशी: दोन कार्डे, दोन वेगळ्या बँकांची आणि दोन वेगळ्या कार्ड कंपन्यांची. एकाच बँकेची दोन कार्डे म्हणजे एकच कार्ड. फोनमध्ये त्यांतले एक, आणि दुसरे प्लास्टिकचे पाकिटात. घरात आठवडाभराच्या किराणा-औषधांपुरती रोख, आणि तीही लहान नोटांत, कारण वीज गेलेल्या दुकानात मोठ्या नोटेचे सुटे कोणाकडेच नसतात. वर्षातून एकदा ती खर्चून बदलून घ्यावी. ब्रिटनमध्ये कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालेनाशा झाल्या, आणि कपाटात विसरलेल्या नोटा तेव्हापासून बँकेत नेऊन बदलाव्या लागतात.